काळजी वाटणं, काळजी करणं, काळजी घेणं : अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांविषयी

आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी मला विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आयसीयूतल्या नर्सेसबद्दल तुम्ही काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. औषधोपचारातलं मला कळत नाही, आणि त्यावर मी बोलणारही नाही. पण ‘काळजी’, ‘जबाबदारी’, ‘सेवा’ हे शब्द आपण रोज वापरतो. त्या शब्दांच्या जोरावर माणसांकडून काम करून घेतो, आणि वेळ आली तर त्याच शब्दांच्या आधारे त्यांना शिक्षाही करतो. मग या शब्दांचा अर्थ काय, आणि त्यांच्या आडून काय चालतं, हे तपासणं आमच्या लोकांचं कामच आहे.

सुरुवात भाषेपासून करू. मराठीत काळजी या शब्दाला तीन क्रियापदं लागतात. काळजी वाटते, काळजी करतो आणि काळजी घेतो. आता बघा, वाटणं ही भावना आहे. ती आपोआप येते. करणं ही मनातली उलघाल आहे. रात्रभर कूस बदलत माणूस काळजी करतो, पण त्यातून समोरच्याला काहीच मिळत नाही. आणि घेणं हे काम आहे. त्याला हात लागतात, वेळ लागतो, शिक्षण लागतं, सामान लागतं. आईला दवाखान्यात ठेवलंय तेव्हा आपल्याला काळजी वाटते, बाहेरच्या बाकड्यावर बसून आपण काळजी करतो, आणि आत सिस्टर काळजी घेत असते. हा फरक लक्षात ठेवा, कारण आजचं सगळं बोलणं त्यावरच उभं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे : अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला आपण काळजी घेण्यासाठी नेमतो आणि परिस्थिती अशी ठेवतो, की तिला नुसती काळजी करता यावी. तिचा जो थकवा आपल्याला दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

आधी हा विभाग म्हणजे काय ते थोडक्यात बघू. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांपैकी दहातले आठ-नऊ दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने घशात छेद घेऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरायची पद्धत वापरली. पण पिशवी दाबणार कोण? सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी अशा रुग्णांसाठी एक वेगळा विभाग सुरू झाला. आजच्या आयसीयूचा जन्म हा असा. यंत्रं नंतर आली. आधी होता एका रुग्णाच्या उशाशी जागा असलेला एक माणूस.

मराठीत आपण त्याला ‘अतिदक्षता विभाग’ म्हणतो. नाव चांगलं आहे, कारण त्यात यंत्राचा उल्लेख नाही, दक्षतेचा आहे. ही दक्षता प्रत्यक्षात कशी असते? तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण आणि लघवीचं माप तक्त्यावर लिहायचं. व्हेंटिलेटरच्या नळीत कफ साचला की सक्शन करायचं. बेशुद्ध माणसाला ठराविक वेळाने कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याचं तोंड पुसायचं, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून त्यात थेंब घालायचे. पंपातून थेंबाथेंबाने जाणाऱ्या औषधाचा वेग बघायचा. त्यात दशांश चिन्हाची चूक झाली तर जीव जाऊ शकतो. मॉनिटरचा अलार्म वाजला की उठून बघायचं. यातले कितीतरी अलार्म वायर सैल झाली, पेशंट हलला, अशा कारणांनी वाजतात. पण कोणता खरा आणि कोणता फुकाचा हे उठून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि हे चालू असतानाच दाराशी नातेवाईक उभा असतो : सिस्टर, आमच्या बाबांचं कसंय?

आता गणित मांडू. एक माणूस एका वेळी किती ठिकाणी लक्ष देऊ शकतो? लक्ष ही वाटून घ्यायची गोष्ट नाही. भाकरी चौघांत वाटली तर प्रत्येकाला चतकोर मिळते. लक्ष चौघांत वाटलं तर पाव-पाव लक्ष मिळत नाही. एकाला पूर्ण मिळतं आणि तेवढ्या वेळात तिघांना शून्य मिळतं. म्हणूनच व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा दंडक मानला जातो. आपल्याकडच्या नर्सिंग परिषदेचे निकषही तेच सांगतात. युरोपातल्या नऊ देशांतल्या चार लाखांहून जास्त शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. हे साध्या वॉर्डांसह सगळ्या रुग्णालयांचं चित्र आहे. आयसीयूत काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

लांब कशाला जायचं? आपल्या शेजारी नांदेडला, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात, ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यात बारा नवजात बालकं होती. देशभर बातमी झाली. परभणी, हिंगोलीहून रेफर केलेली कितीतरी लेकरं तिथेच जातात, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा चर्चा औषधांच्या तुटवड्याची झाली, खाटांपेक्षा जास्त रुग्णांची झाली, रिक्त पदांची झाली. हे सगळं बोलायलाच हवं होतं. पण त्या रात्री नवजात शिशूंच्या कक्षात जी परिचारिका उभी होती, तिच्यापुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. दोन लेकरं एकाच वेळी निळी पडायला लागली, तर आधी कोणाकडे जायचं? हा प्रश्न आम्ही नीतिशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहितो आणि तासभर वाद घालतो. तिला तो चार सेकंदांत सोडवावा लागतो, आणि मग उत्तराचं ओझं घेऊन सकाळी घरी जावं लागतं.

आता शरीराचं बघू. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत पाळ्या अशा असतात : सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. म्हणजे रात्र सलग बारा तासांची. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची हातांची आणि लक्षाची अचूकता, रक्तात दर शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी खाली येते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायला मर्यादा आहे तीस मिलिग्रॅमची. आता हिशेब करा. घरी सकाळी साडेपाचला उठून डबे केले, पोरांना शाळेत धाडलं, दुपारी पाहुणे आले म्हणून पडायला मिळालं नाही, आणि आठला नाईटला हजर. रात्री साडेदहाला सतरा तास पूर्ण होतात. ड्युटीचे साडेनऊ तास अजून बाकी असतात. त्या अवस्थेत आपण तिला स्कूटी चालवू देणार नाही, पण दशांश चिन्हाचं औषध भरायला सांगतो.

यात पुरुषही आहेत बरं का. आपण त्यांना ब्रदर म्हणतो. त्यांचाही प्रश्न हाच आहे. पण बाईच्या बाबतीत घरची पाळी वेगळी असते आणि तिला रजा नसते. नाईटहून आलेल्या नवऱ्याला घर झोपू देतं. नाईटहून आलेल्या सुनेला, ‘आलीस का, कुकर लाव,’ असं सांगितलं जातं. हसू नका, आपल्याच घरातलं आहे हे.

पण शरीराच्या थकव्याला निदान झोप हा उपाय आहे. दुसरा एक थकवा आहे, तो झोपेने जात नाही. अँड्र्यू जेमटन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८४ साली परिचारिकांच्या नीतिविषयक प्रश्नांवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं. मी त्याला मराठीत ‘नैतिक घुसमट’ म्हणतो. योग्य काय ते कळतंय, पण संस्थेच्या रचनेमुळे ते करता येत नाही, ही ती अवस्था. काय करावं हे न कळणं वेगळं. तिथे माणूस गोंधळलेला असतो. इथे गोंधळ अजिबात नाही. कळतंय, आणि हात बांधलेले आहेत.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. खासगी दवाखान्यात पेशंट आठ दिवस व्हेंटिलेटरवर आहे. सिस्टरने असे पन्नास पेशंट बघितलेत. हे घरी जाणार नाहीत हे तिला कळलेलं आहे. बाहेर मुलगा सोयाबीनचे पैसे भरून झाले म्हणून आता बैलजोडी विकायची गोष्ट काढतोय. तो तिला विचारतो, ‘ताई, खरं सांगा, काही आशा आहे का?’ तिला तो अधिकार नाही. ती म्हणते, ‘डॉक्टर राउंडला येतील, त्यांना विचारा.’ हे उत्तर नियमाप्रमाणे बरोबर आहे. निदान आणि भाकीत डॉक्टरांनीच सांगावं, हेही बरोबर आहे. पण रोज असं उत्तर द्यावं लागणाऱ्या माणसाच्या आत काय होतं? हळूहळू ती त्या मुलाच्या डोळ्यांत बघणं सोडते. आपण म्हणतो, ‘काय तुसड्या असतात या सिस्टर!’ क्रिस्टिना मास्लाक यांनी कामातून येणाऱ्या या पोखरणीची तीन लक्षणं सांगितली आहेत : पार थकून जाणं, माणसांकडे वस्तूसारखं बघायला लागणं आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ही अवस्था रोगांच्या वर्गीकरणात नोंदवली, पण रोग म्हणून नाही. कामाच्या जागेशी जोडलेली घटना म्हणून नोंदवली. हा फरक मोलाचा आहे. तिला समुपदेशन द्या, योग शिकवा, ध्यानाला बसवा, माझी हरकत नाही. पण बिघाड कामाच्या जागेत असेल तर दुरुस्ती तिच्या मनात करून कशी चालेल?

आता जबाबदारी या शब्दाकडे येऊ. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. अकरा रुग्ण गेले. काही दिवसांतच पोलिसांनी अटक केली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालकं गेली होती. तिथेही पुढे परिचारिकांवर गुन्हा नोंदवला गेला. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, त्यात मी पडत नाही. परिचारिकेकडून कधी चूक होतच नाही, असंही मी म्हणत नाही. माझा प्रश्न तत्त्वाचा आहे. विजेची जोडणी कोणी तपासायची, आग विझवणारी यंत्रणा कोणी बसवायची, त्यासाठी पैसे कोणी मंजूर करायचे? यातला एकही अधिकार परिचारिकेकडे नव्हता. पण आगीच्या वेळी खाटेच्या सगळ्यात जवळ ती होती, म्हणून जबाबदारी तिची ठरली.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांच्या नावाने एक सूत्र सांगितलं जातं : ‘तू हे करायला हवं होतंस’ असं म्हणायचं असेल, तर आधी ‘तुला ते करता येण्यासारखं होतं’ हे सिद्ध व्हायला हवं. आपल्या संस्थांत मात्र अधिकार वरच्या मजल्यावर राहतो आणि जबाबदारी जिन्यावरून उतरत उतरत खाटेपाशी येऊन थांबते.

आणि उलट बाजू बघा. एप्रिल २०२१च्या अखेरीस, एका रात्री, इथे परभणीच्या जिल्हा रुग्णालयात झाडाची फांदी ऑक्सिजनच्या पाईपवर पडली आणि गळती सुरू झाली. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आठवडाभरापूर्वीच नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन बावीस रुग्ण गेले होते. इथे कर्मचाऱ्यांनी धावपळ करून जम्बो सिलिंडर लावले आणि मोठी दुर्घटना टळली. ती रात्र किती जणांच्या लक्षात आहे? जे टळलं त्याची बातमी एक दिवस टिकते. काळजी घेणं यशस्वी झालं की ते दिसतच नाही. पेशंट घरी जातो, पेढे डॉक्टरांना देतो. पाठीला जखम झाली नाही, नळीतून संसर्ग झाला नाही, चुकीचं औषध गेलं नाही, या ‘नाहीं’चं श्रेय मोजणारं खातं आपल्याकडे नाही.

उरला शब्द सेवा. हा शब्द मी हलका करणार नाही. सावित्रीबाई फुले १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि नर्सचं काम म्हणजे हलकं काम, असं समाज मानत असताना मुलींना त्या शिक्षणाकडे नेलं. या बायकांनी सेवा स्वतः होऊन स्वीकारली. आज आपण काय करतो? पगार वाढवा म्हटलं की म्हणतो, ‘अहो, ही तर सेवा आहे.’ निष्काम कर्मयोग स्वतःसाठी स्वीकारायचा असतो, दुसऱ्याच्या पगारपत्रकावर लावायचा नसतो. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला सांगितलं. समितीची शिफारस अशी, की दोनशेहून जास्त खाटा असतील तर पगार सरकारी परिचारिकेइतका असावा, आणि पन्नासहून कमी खाटांच्या दवाखान्यातही तो वीस हजारांच्या खाली नसावा. आपल्या जिल्ह्यात, जिंतूरला, गंगाखेडला, सेलूला, ओळखीच्या सिस्टरला एकदा विचारून बघा. आणि मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांची मोठी तक्रार कंत्राटी भरतीबद्दल होती, हेही आठवा. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर असलेली मुलगी ‘या वॉर्डात आणखी पेशंट घेणं धोक्याचं आहे,’ असं वरिष्ठांना कशाच्या बळावर सांगणार?

सेवेचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना, तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी अरुणाताईंना कधी चालता-बोलता बघितलं नव्हतं, अशा मुलींनीही सांभाळलं. ७ मार्च २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांचा गौरव केला, आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं मानलं. हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच मुंबईतल्या परिचारिका १९७३ साली, त्या हल्ल्यानंतर, संपावर गेल्या होत्या, हे सांगत नाही. मागणी काय होती? अरुणाची नीट व्यवस्था करा आणि आम्हाला कामाची बरी परिस्थिती द्या. सेवा करणाऱ्या आणि हक्क मागणाऱ्या बायका त्याच होत्या. या दोन गोष्टींत विरोध आहे असं आपण समजतो, ती आपली सोय आहे.

मग करायचं काय? फार मोठं तत्त्वज्ञान लागत नाही. मंजूर पदं भरा, आणि रजा-आजारपण धरून जादा माणसं ठेवा. बारा तासांच्या रात्रीत अर्धा तास पाठ टेकायला खोली, कपडे बदलायला कडी लागणारं दार, स्वच्छ संडास आणि उशिरा सुटणारीला घरापर्यंत गाडी द्या. राउंडच्या वेळी डॉक्टरांनी सिस्टरला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारावं, कारण बारा तास उशाशी तीच असते. एखादा पेशंट गेला, की पुढची खाट लावण्याआधी तिला दोन मिनिटं द्या. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात एका ब्रदरने ही पद्धत सुरू केली. गेलेल्या माणसाच्या खाटेभोवती सगळे क्षणभर शांत उभे राहतात आणि मग कामाला लागतात. त्याला पैसा लागत नाही.

आणि आपण, बाहेरच्या बाकड्यावर बसणारे? आपल्याला काळजी वाटत असते, तिचा राग होतो आणि तो दारात येणाऱ्या पहिल्या माणसावर निघतो. ती बहुधा सिस्टरच असते. घरातल्या एकाच माणसाने विचारपूस करावी, म्हणजे तेच उत्तर तिला सात वेळा द्यावं लागत नाही. मोबाईल काढून तिचं शूटिंग करू नये. तिचं नाव विचारावं आणि त्या नावाने बोलावं. बिलाचा, औषधाच्या तुटवड्याचा, बंद लिफ्टचा जाब ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्याकडे मागावा. त्यासाठी दोन मजले चढावे लागले तरी चालेल.

परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. नव्या इमारती होतील, नवी यंत्रं येतील, उद्‌घाटनं होतील. त्या वेळी आपण नागरिकांनी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ : या खाटांमागे प्रत्येक पाळीत परिचारिका किती? उत्तराचा आकडा लेखी मागू. बाकीचं तुमच्या प्रश्नांच्या वेळी बोलू.